पाण्यातलं पीक: तळी हिरवी का होतात

तळ्याचं पाणी हिरवं दिसायला लागलं की एक करून बघा. हातमोजा घालून एक पारदर्शक बाटली त्या पाण्याने पाऊण भरा, झाकण लावा आणि रात्रभर फ्रिजमध्ये न हलवता ठेवून द्या. बाटलीवर ठळक अक्षरांत ‘पिऊ नये’ असं जरूर लिहा, नाहीतर घरातलं कुणीतरी पन्हं-सरबत समजून उचलायचं. सकाळी बघा. हिरवेपणा तळाशी बसला असेल तर पाण्यात बहुधा साधं हिरवं शैवाल किंवा डायटम नावाचं सूक्ष्म शैवाल आहे. तो वर येऊन दुधावरच्या सायीसारखा जमला असेल, काचेला हिरवं कडं धरलं असेल, तर त्या तळ्यात पोरांना उतरू देऊ नका आणि गुरंही पाजू नका.

ही काही प्रयोगशाळेतली पक्की परीक्षा नव्हे. पण यातून एक गोष्ट चटकन कळते: पाण्यात हिरवा रंग विरघळलेला नाही, तिथे काहीतरी जिवंत आहे आणि त्याला स्वतःच्या सवयी आहेत. कुणी बुडतं, कुणी तरंगतं.

‘हिरवं पाणी म्हणजे घाण पाणी’ हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय की तळं स्वच्छ करायचं म्हणजे वरचा हिरवा थर काढायचा, एवढंच आपल्याला सुचतं. मला वाटतं, इथे शेतकऱ्याची नजर जास्त उपयोगी पडते. हिरवं पाणी म्हणजे उभं पीक. पेरलं कुणीच नाही, पण खत भरपूर पडलंय आणि ऊनही आहे, मग उगवणारच. एकदा असं बघायला लागलं की पुढचे सगळे प्रश्न सरळ होतात: पीक कोणतं, खत कुठून आलं, आणि तण उपटण्यात वेळ घालवायचा की खताची गाडी अडवायची.

पाण्यातलं गवत

या पिकाचं नाव वनस्पती प्लवक. प्लवक म्हणजे तरंगणारे, पाणी नेईल तिकडे जाणारे. घाटाच्या पायरीवर पाय घसरवणारं शेवाळ वेगळं, ते दगडाला चिकटून असतं. प्लवक सुटे असतात आणि एकेकटे डोळ्यांना दिसत नाहीत. लाखोंनी जमले की पाण्याला रंग चढतो, तोच आपल्याला दिसतो.

तळ्याच्या पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला की बघणारा तासभर जागचा हलत नाही. डायटम काचेच्या डबीत राहतात. ही उपमा नाही, त्यांचं कवच खरोखरच काचेच्या जातीचं, म्हणजे सिलिकाचं असतं, आणि त्यावर जाळीकामासारखी नक्षी असते. सेनेडेस्मस नावाच्या हिरव्या शैवालाच्या चार पेशी केळ्यांच्या फणीसारख्या शेजारी शेजारी लागलेल्या. पेडियास्ट्रम म्हणजे हुबेहूब रांगोळीतली चक्री. युग्लिना चाबकासारखा धागा हलवत इकडून तिकडे पळते. आणि यांच्यातच मिसळलेले नील-हरित शैवाल, ज्यांना शैवाल म्हणणं ही जुनी चूक आहे. ते जिवाणू आहेत, सायनोबॅक्टेरिया. पण सवयीचं नाव सुटत नाही, म्हणून मीही इथे नील-हरितच म्हणतो.

पुढे या नील-हरितांबद्दल बरंच वाईट येणार आहे, त्यामुळे त्यांचं देणं आधीच सांगून टाकतो. पृथ्वीच्या हवेत सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन साठायला लागला, तो यांच्या पूर्वजांच्या कामामुळे. आणि भातखाचरात खत न घालताही नत्र कसं टिकतं, या कोड्याचं उत्तर पी. के. डे या भारतीय शास्त्रज्ञांनी १९३९ मध्ये दिलं: खाचरातल्या पाण्यात वाढणारे नील-हरित हवेतला नत्र पकडून जमिनीला देतात. म्हणजे भाताच्या शेतात जे खत, तेच पिण्याच्या पाण्याच्या तळ्यात संकट. जीव तेच, जागा चुकलेली. तणाची व्याख्या तरी दुसरी काय असते?

प्लवक हे तळ्यातलं गवत आहे. गवतावर शेळ्या जगाव्यात तसे त्यांच्यावर प्राणी प्लवक जगतात, म्हणजे डॅफ्नियासारखे टाचणीच्या डोक्याएवढे जीव. त्यांच्यावर मासे, माशांवर बगळे आणि आपण. म्हणूनच मत्स्यशेती करणारा माणूस तळ्यात मुद्दाम शेण आणि सुपर फॉस्फेट टाकतो आणि पाण्यावर हिरवट झाक आली की खूश होतो. अगदी नितळ, निळं पाणी दिसायला सुंदर खरं, पण माशांच्या दृष्टीने ते माळरान. थोडक्यात, हिरवेपणाचं वावडं असायचं कारण नाही. किती हिरवं आणि कोणामुळे हिरवं, एवढंच विचारायचं.

एका गोणीचा हिशेब

पिकाला ऊन, पाणी, कार्बन, नत्र, फॉस्फरस असं बरंच काही लागतं. तळ्यात पाण्याला तोटा नाही, कार्बन हवेतून मिळतो, नत्र काही नील-हरित स्वतःच हवेतून ओढून घेतात. उरला फॉस्फरस. तो हवेत नसतो. खडकांमधून, मातीतून अगदी चिमटीचिमटीने सुटतो. त्यामुळे बहुतेक गोड्या पाण्याच्या तळ्यांत पिकाचा लगाम फॉस्फरसच्या हातात असतो.

हे आज सोपं वाटतं, पण १९६०-७० च्या दशकात यावर मोठं भांडण झालं होतं. उत्तर अमेरिकेतली तळी हिरवी पडत होती आणि कपडे धुण्याच्या पावडरींमध्ये फॉस्फेट भरपूर असायचं. साबणवाल्यांची बाजू अशी की दोष फॉस्फेटचा नाही, कार्बनचा आहे. कॅनडात, ओंटारिओ प्रांताच्या वायव्य भागात, सरकारने अनेक लहान तळी केवळ प्रयोगांसाठी राखून ठेवली होती. तिथल्या २२६ क्रमांकाच्या तळ्याचा आकार डमरूसारखा, मधे चिंचोळा. डेव्हिड शिंडलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये त्या चिंचोळ्या भागात प्लॅस्टिकचा पडदा टाकून तळ्याचे दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नत्र टाकलं. दुसऱ्या भागात कार्बन, नत्र आणि फॉस्फरस. काही आठवड्यांतच फॉस्फरसवाला भाग हिरवागार झाला आणि दुसरा होता तसाच राहिला. विमानातून काढलेला त्याचा फोटो जलशास्त्राच्या जवळजवळ प्रत्येक वर्गात दाखवतात. मधे पडद्याची रेघ, एका बाजूला काळंशार पाणी, दुसऱ्या बाजूला हिरवट दुधाळ. वाद घालणाऱ्यांना त्या फोटोने जे पटवलं, ते शंभर तक्त्यांनी पटलं नसतं.

आता आकडे बघू, कारण फॉस्फरस किती थोडा पुरतो याचा अंदाज आपल्याला नसतो. एका लिटर पाण्यात साधारण ०.०३५ मिलिग्रॅम फॉस्फरस झाला की तळं अतिपोषित म्हणवलं जातं. सिंगल सुपर फॉस्फेटच्या ५० किलोच्या गोणीत शुद्ध फॉस्फरस असतो साधारण साडेतीन किलो. पाच हेक्टर पसरलेलं आणि सरासरी दोन मीटर खोल तळं घ्या, म्हणजे दहा कोटी लिटर पाणी. त्याला अतिपोषित करायला एक गोणी पुरते! आणि एक किलो फॉस्फरसवर ओल्या वजनाचं ५०० किलोपर्यंत शैवाल पोसलं जाऊ शकतं.

माणसाच्या मलमूत्रातून दिवसाला साधारण एक ते दोन ग्रॅम फॉस्फरस बाहेर पडतो. एकच ग्रॅम धरू. दहा लाख वस्तीच्या शहराचा रोजचा फॉस्फरस झाला १,००० किलो. तो सगळा नदीत गेला आणि सगळा पिकाला लागला, तर रोज ५०० टन शैवाल. प्रत्यक्षात सगळा लागत नाही, काही गाळात बसतो, काही वाहून जातो. पण प्रमाण लक्षात आलं असेल. गणपतीच्या दिवसांत निर्माल्यावरून आपण एकमेकांशी भांडतो, आणि ते भांडण गैर नाही, पण तळ्याच्या जमाखर्चात निर्माल्य ही चिल्लर आहे. गटार ही मोठी नोट.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिच्याबद्दल फार गैरसमज आहे. ‘सांडपाणी प्रक्रिया करूनच सोडलं जातं’ हे वाक्य आपण नेहमी ऐकतो, आणि पुष्कळदा ते खरंही असतं. पण नेहमीची प्रक्रिया मुख्यतः पाण्यातला सडणारा मैला काढण्यासाठी असते. बाहेर पडणारं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ दिसतं, वास येत नाही, नेमून दिलेल्या चाचण्यांत पास होतं. फॉस्फरस मात्र वेगळा काढला नसेल, तर त्याचा मोठा भाग त्या स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याबरोबर तसाच पुढे जातो. पाणी शुद्ध झालं खरं, पण प्लवकांसाठी ते पातळ खतच. फॉस्फरस काढायला तुरटी किंवा लोहाचे क्षार घालून त्याचा साका बसवावा लागतो, नाहीतर त्यासाठी खास जिवाणूंची वेगळी टाकी लागते. एखाद्या प्रकल्पाबद्दल प्रश्न विचारायचाच असेल तर तो हा विचारावा.

पहाटे मासे वर का येतात

हिरव्या तळ्याचा एक दिवस बघितला तर पाण्याची प्रत दर तासाला बदलताना दिसते. सकाळी ऊन पडलं की प्लवक कामाला लागतात. कार्बन डायऑक्साइड ओढतात, ऑक्सिजन सोडतात. दुपारी तीन-चार वाजता पाण्यात मावेल त्याहून जास्त ऑक्सिजन असतो, कधी कधी बुडबुडे दिसतात. कार्बन डायऑक्साइड संपत आल्याने पाणी अल्कधर्मी होतं, पीएच ९ च्याही वर जातो. पाण्यात अमोनिया असेल तर या पीएचला तो माशांना जास्त विषारी होतो.

मग सूर्य मावळतो. ऑक्सिजन बनवणं थांबतं, पण श्वास घेणं थांबत नाही. तेच कोट्यवधी प्लवक, शिवाय जिवाणू, किडे, मासे, सगळे रात्रभर तोच साठा खातात. तीस अंश तापमानाच्या पाण्यात मुळात लिटरला साडेसात मिलिग्रॅमच्या आसपासच ऑक्सिजन विरघळतो. गार पाण्यापेक्षा कमी. पीक दाट असेल तर पहाटेपर्यंत तो दोनच्या खाली येतो आणि मासे पृष्ठभागावर येऊन तोंडं उघडी टाकतात. मत्स्यशेती करणाऱ्यांना ही पहाटेची घरघर चांगली माहीत असते. त्यातून दोन-तीन दिवस ढगाळ गेले तर दिवसाची कमाईही बुडते, आणि एके सकाळी तळ्यावर पांढऱ्या पोटांचा सडा पडलेला असतो. लोक म्हणतात कुणीतरी विष टाकलं. कधी कधी टाकलेलंही असतं. पण पुष्कळदा विष वगैरे काही नसतं, रात्र मोठी पडलेली असते.

म्हणून पाण्याचा नमुना दुपारी घेतला की पहाटे घेतला, याला फार महत्त्व आहे. दुपारचा ऑक्सिजनचा आकडा दाखवून तळं ठणठणीत आहे असं सिद्ध करता येतं.

साय धरणारे

आता त्या बाटलीत वर आलेल्या हिरव्या सायीकडे येऊ. मायक्रोसिस्टिस नावाच्या नील-हरिताच्या पेशीत वायूने भरलेल्या सूक्ष्म नळ्या असतात, जणू कमरेला बांधलेला पोहण्याचा डबा. त्यांच्या जोरावर ते वर येतात. पोटात पिठूळ साठा वाढून जड झाले की खाली जातात. उजेडासाठी वर, अन्नासाठी खाली. बाकीचे प्लवक वाऱ्याच्या आणि लाटांच्या भरवशावर. यांच्याकडे स्वतःची लिफ्ट. संथ, गरम पाण्यात ही लिफ्ट फार कामाची ठरते. पृष्ठभागावर येऊन ते छत्री धरतात आणि खालच्यांचा उजेड अडवतात. शिवाय डॅफ्नियाला यांचे चिकट गोळे खाता येत नाहीत आणि आवडतही नाहीत. म्हणजे रान शेळ्या न खाणाऱ्या झुडपांनी भरून गेलं, अशी गत.

सकाळी वारा पडलेला असताना ही साय दाट दिसते, मग वारा तिला ढकलत एका काठाला नेतो. समोरच्या काठावर पाणी बरं, आणि घाटाकडे हिरव्या रंगाचा डबा उलटल्यासारखं. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या अलेक्झांड्रिना सरोवराकाठी हे पाणी पिऊन गुरं मेली, तेव्हा जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ मध्ये त्यावर लिहिलं. त्यांनीही त्या थराला हिरव्या ऑइलपेंटचीच उपमा दिली. नील-हरितांच्या विषाची शास्त्रात झालेली ही पहिली नोंद.

सगळेच नील-हरित विषारी नसतात, आणि विषारी जातसुद्धा दर वेळी विष बनवतेच असं नाही. डोळ्यांनी बघून ते ओळखता येत नाही, हीच अडचण. मायक्रोसिस्टिन हे त्यांचं सर्वांत परिचित विष, ते यकृतावर जातं. काही विषं मज्जासंस्थेवर जातात. पाण्यात उतरलं की अंग खाजणं, पुरळ उठणं हे तर नेहमीचंच. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिनची, आयुष्यभर रोज पिण्याच्या हिशेबाने, मर्यादा ठेवली आहे लिटरला १ मायक्रोग्रॅम.

अमेरिकेतल्या टोलेडो शहराला याचा धडा २ ऑगस्ट २०१४ ला मिळाला. ईरी सरोवरातून पाणी घेणाऱ्या या शहरात भल्या पहाटे जाहीर झालं: नळाचं पाणी पिऊ नका, आणि उकळूही नका. साधारण चार-पाच लाख लोक तीन दिवस बाटलीबंद पाण्याच्या रांगेत. उकळूही नका, हे ऐकून लोक चक्रावले. आपल्याकडेही ‘पाणी उकळून प्या’ हा रामबाण उपाय. पण मायक्रोसिस्टिन उकळल्याने नष्ट होत नाही, उलट पाण्याची वाफ झाल्याने उरलेल्या पाण्यात ते अधिक दाट होतं. विशेष म्हणजे हेच ईरी सरोवर १९६० च्या दशकात ‘मेलं’ म्हणून गाजलं होतं. मग अमेरिका आणि कॅनडाने १९७२ मध्ये करार केला, सांडपाण्यातला फॉस्फरस कमी केला, सरोवर सुधारलं. आणि पुन्हा बिघडलं, या वेळी मुख्यतः मॉमी नदीतून येणाऱ्या शेतातल्या खतामुळे. नळ बंद करता येतो, शेताला नळ नसतो.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडची, आणि माझ्या मते ती पाणीपुरवठ्याचं काम करणाऱ्या प्रत्येकाला तोंडपाठ असावी. १९७९ मध्ये तिथल्या धरणात शैवाल माजलं. पाण्याला चव येते म्हणून तक्रारी झाल्या, तेव्हा पाण्यात मोरचूद टाकला. शैवाल मेलं. त्यानंतर काही दिवसांत १४८ जण आजारी पडले, त्यांत बहुतेक लहान मुलं. यकृत सुजलेलं, उलट्या, मूत्रपिंडांवर परिणाम. विष तोवर पेशींच्या आत कोंडलेलं होतं. मोरचुदाने पेशी फुटल्या आणि ते एकदम पाण्यात उतरलं. पीक मारलं, पण त्याच्या पोटातलं सगळं पाण्यात सांडलं. शुद्धीकरण केंद्रात आधीच भरमसाट क्लोरीन मारला तरी हाच धोका असतो. आधी पेशी अख्ख्या बाहेर काढायच्या आणि मग क्लोरीन, असा क्रम बरा.

नळाला मातीचा वास

सगळेच परिणाम इतके भीषण नसतात. उन्हाळ्यात नळाच्या पाण्याला मातकट वास येतो आणि लोक म्हणतात, गाळ आला. पाणी तर स्वच्छ दिसतं. हा वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा. पहिल्या पावसात मातीचा जो वास आपल्याला वेड लावतो, त्यातही हेच असतं. जमिनीत ते काही जिवाणू बनवतात आणि पाण्यात काही नील-हरित. माणसाचं नाक याबाबत विलक्षण तिखट आहे. लिटरभर पाण्यात एका ग्रॅमचा दहा कोटीवा भाग असला तरी कळतो. एक कोटी लिटरच्या शेततळ्याला वास यायला ग्रॅमचा दशांश पुरे! हे द्रव्य अपायकारक नाही, पण वासामुळे लोक नळाचं चांगलं पाणी सोडून कुठलंही पाणी पितात, हा त्याचा खरा तोटा.

डायटम फारसे बदनाम नाहीत, पण शुद्धीकरण केंद्रातल्या माणसाला विचारा. त्यांची काचेची कवचं वाळूच्या गाळणीत अडकून ती तुंबते आणि पुन्हा पुन्हा उलट्या पाण्याने धुवावी लागते.

जाता जाता एक. वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलेल्यांना पामरचा निर्देशांक आठवत असेल. सी. मर्विन पामर यांनी १९६९ मध्ये मांडलेली ही पद्धत: कोणत्या प्रजातीचे प्लवक सापडले त्यावरून गुण द्यायचे, बेरीज २० किंवा जास्त आली तर पाण्यात सेंद्रिय प्रदूषण भरपूर. युग्लिना आणि ऑसिलेटोरिया नावाचा नील-हरित यांना जास्त गुण. यंत्राने केलेली चाचणी त्या क्षणाचं पाणी सांगते, प्लवकांची हजेरी गेल्या काही आठवड्यांची हकिकत सांगते.

उजनीचं पाणी

महाराष्ट्रात हे सगळं एकाच ठिकाणी बघायचं तर उजनी. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं. साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा. वरच्या अंगाला पुणे आणि पिंपरी-चिंचवड. मुठा, मुळा, पवना, इंद्रायणी या साऱ्यांचं पाणी शेवटी भीमेत येतं, आणि त्यांच्याबरोबर शहरांचं सांडपाणीही. त्यात काठावरच्या उसाला घातलेल्या खताची भर. खालच्या अंगाला हेच पाणी सोलापूर शहर पितं.

पावसाळ्यात धरणाचं पाणी चहासारखं असतं. खत भरपूर, पण गढूळपणामुळे उजेड आत शिरत नाही, म्हणून पीक नाही. गाळ बसला, ऑक्टोबरचं ऊन तापलं की हिरवेपणा चढायला लागतो. मार्चनंतर पाणी आटतं, तापतं, जागच्या जागी थांबतं आणि नील-हरितांची चंगळ होते. बॅकवॉटरच्या काठाला हिरवा तवंग दिसतो तो तेव्हा.

आणि याच पोषणावर उजनीच्या बॅकवॉटरकाठच्या भिगवणची जत्रा उभी आहे. चिलापीने भरलेल्या जाळ्या, हॉटेलांतली मच्छी थाळी, हिवाळ्यात रोहित पक्षी बघायला कॅमेरे घेऊन आलेली पुण्याची मंडळी. रोहितांचा गुलाबी रंगही मुळात शैवालांनी बनवलेल्या रंगद्रव्यांचा, अन्नातून पिसांत उतरलेला. आपल्याच सांडपाण्याची एक बाजू आपण दुर्बिणीतून कौतुकाने बघतो, यात मला नेहमीच गंमत आणि थोडी शरम वाटते.

लोणारचं नाव इथे कुणीतरी काढतंच. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं, ते खारं पाणी आवडणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे, असं पुण्याच्या आघारकर संस्थेच्या तपासणीत निघालं. एरवी ते हिरवं असतं ते नील-हरितांमुळेच. पण लोणार खारं आणि कमालीचं अल्कधर्मी. तो हिरवेपणा त्याचा स्वभाव आहे, आजार नव्हे.

गाळाची वही

समजा, आजच्या आज सगळं सांडपाणी अडवलं. तळं उद्या नितळ होईल का? बहुधा नाही, कारण तळ्याचा तळ हिशेब लिहून ठेवतो.

दर वर्षी मेलेलं पीक तळाशी जातं आणि त्याच्यातला फॉस्फरस गाळात लोहाला धरून बसतो. खाली ऑक्सिजन आहे तोवर ही मिठी घट्ट असते. पण खोल पाण्यात उन्हाळ्यात वर गरम आणि खाली गार असे थर पडतात, दोन्ही मिसळत नाहीत, आणि तळाशी सडणारं पीक तिथला ऑक्सिजन संपवतं. मग लोहाची पकड सुटते, फॉस्फरस पुन्हा पाण्यात येतो, आणि सोबत मँगनीज, सडक्या अंड्याचा वास. बाहेरून एक थेंब सांडपाणी न येताही तळं स्वतःच स्वतःला खत घालत राहतं. तीस-चाळीस वर्षं साठलेली उधारी एका वर्षात फिटत नाही.

तरी फिटते. अमेरिकेत सिअॅटल शहराला लागून असलेलं वॉशिंग्टन सरोवर हे त्याचं चांगलं उदाहरण. काठावरच्या अकरा केंद्रांचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी त्यात जात होतं. ‘प्रक्रिया केलेलं’ हे शब्द पुन्हा वाचा. १९५५ मध्ये तिथे ऑसिलेटोरिया रुबेसेन्स ही युरोपातल्या बिघडलेल्या तळ्यांतून ओळखीची झालेली जात दिसली आणि डब्ल्यू. टी. एडमंडसन या प्राध्यापकांनी पुढे काय होणार ते आधीच सांगितलं. लोकांनी मतदान करून खर्च मान्य केला. १९६३ ते १९६८ या काळात सगळं सांडपाणी सरोवरापासून वळवलं. मीटरभर खोलीपर्यंतच दिसणारं पाणी काही वर्षांत तीन मीटरपर्यंत दिसू लागलं, आणि १९७६ मध्ये डॅफ्निया मोठ्या संख्येने परतले तेव्हा आणखी स्वच्छ झालं. गवत कमी झालं आणि शेळ्याही आल्या. ते सरोवर खोल होतं, त्यात ताजं पाणी भरपूर येत होतं, म्हणून इतक्या लवकर जमलं. आपल्या उथळ, गाळाने भरलेल्या तळ्यांना जास्त वेळ लागेल.

पण आपल्याकडे घाई असते, म्हणून बाटल्या विकल्या जातात. जिवाणूंचं द्रावण ओता, तळं शुद्ध. इथे एक साधी गोष्ट धरून ठेवावी. कार्बन सडला की वायू होऊन उडून जातो. नत्रालाही वायू होऊन हवेत परतायची वाट आहे. फॉस्फरसला ती वाट नाही. जिवाणू त्याला खाऊन नाहीसा करू शकत नाहीत. आज त्यांच्या पोटात, उद्या गाळात, परवा पुन्हा प्लवकांत. तळ्याबाहेर न्यायचा तर तो उचलूनच न्यावा लागतो, नाहीतर तुरटी किंवा लँथॅनम हा धातू मिसळलेल्या मातीसारख्या गोष्टींनी गाळात पक्का बांधावा लागतो. कारंज्यांचंही तेच. रात्री माशांना हवा मिळते, हे चांगलंच, पण खत तिथेच.

जलपर्णीची गंमत वेगळी. ती आणि प्लवक एकाच ताटात जेवतात. जलपर्णी वरून झाकण घालते तोवर खाली उजेड नाही, म्हणून प्लवक दबलेले. मोठा गाजावाजा करून जलपर्णी काढली की महिन्याभरात पाणी हिरवं होतं आणि कंत्राटदाराला शिव्या बसतात. जलपर्णी उचलणं मात्र फुकट जात नाही, कारण तिच्याबरोबर फॉस्फरसही खरोखर बाहेर जातो. अट एकच, ती दूर न्यायची. काठावर ढीग लावून ठेवली तर पहिल्याच पावसात तिचा रस पुन्हा तळ्यात.

आणि आपल्या गावच्या तळ्याचं काय चाललंय हे कळायला प्रयोगशाळेची वाट बघायला नको. अँजेलो सेक्की हे इटालियन खगोलशास्त्रज्ञ पाद्री होते. १८६५ मध्ये त्यांनी पोपच्या जहाजावरून पांढऱ्या तबकड्या भूमध्य समुद्रात सोडून त्या किती खोलवर दिसेनाशा होतात ते मोजलं. आज तळ्यांसाठी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्यांची तबकडी वापरतात. जुन्या स्टीलच्या ताटलीला मधोमध भोक पाडून, ऑइलपेंट लावून, खाली वजन बांधून घरी होते. उन्हं डोक्यावर असताना, बांधाच्या किंवा होडीच्या सावलीच्या बाजूने सोडायची. दिसेनाशी झाली ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसली ती खोली, दोन्हींची सरासरी काढायची. महिन्यातून दोनदा, त्याच जागी, त्याच वेळी, आणि शक्यतो त्याच माणसाने. दोरीवर पेनाने खुणा करू नका, ओली झाली की जातात. दर दहा सेंटिमीटरला गाठ मारा, आणि मीटरच्या गाठीला लाल सुतळी.